मास्क नको झालाय? मग पर्याय असे तोला

स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत पुन्हा पुन्हा श्वास थांबण्याचा आजार निघालाय, मास्कमधून दाबानं हवा सोडून घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन घरात आलंय, पण मास्क लावून झोपणं काही जमत नाहीये, अशांसाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते, गाणं शिकवते. साठीच्या उंबरठ्यावर मला हा आजार निघाला तेव्हा सासर-माहेरचे सगळे एकच म्हणाले, "तुला कसा? हा तर जाड माणसांचा!" वजन हे मोठं कारण आहे हे खरं, पण जबडा लहान किंवा मागे असला तर किडकिडीत माणसालाही होतो आणि पाळी गेल्यावर बायकांमध्ये याचं प्रमाण वाढतं. शिवाय बायकांची तक्रार पुष्कळदा घोरण्याची नसतेच. सकाळी डोकं जड, दिवसभर मरगळ, रात्री पुन्हा पुन्हा जाग. मग कुणी थायरॉइड तपासतं, कुणी झोपेची गोळी देतं. मलाही ती मिळाली होती. अ‍ॅप्नियात काही झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात, तेव्हा त्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. संध्याकाळच्या दारूचंही तेच.

पर्याय म्हणून काही विकत घेण्याआधी झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन बसा. पहिल्या पानावर एएचआय असतो, म्हणजे तासाला किती वेळा श्वास निदान 10 सेकंद थांबला किंवा उथळ झाला. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. बहुतेक जण एवढं वाचून फाइल मिटतात. पण पर्याय निवडायला लागणारे आकडे आतल्या पानांवर असतात.

पहिला आकडा उताणं झोपल्यावरचा आणि कुशीवरचा. माझा एकूण एएचआय 22 होता, पण उताणी असताना 38 आणि कुशीवर 11. उताण्याचा आकडा कुशीच्या दुप्पट किंवा जास्त असला तर नुसतं झोपण्याची पद्धत बदलूनही बरंच साधतं. दोन्ही सारखेच असतील तर पाठीला काय वाटेल ते बांधा, फरक पडणार नाही.

दुसरा, स्वप्नांच्या झोपेतला, म्हणजे रेम झोपेतला. बायकांमध्ये हा आकडा अनेकदा बाकीच्या रात्रीपेक्षा खूप वर असतो, आणि ही झोप पहाटेकडे जास्त येते. "चारपर्यंत मास्क लावते, मग काढते" म्हणणाऱ्या बाईंची नेमकी वाईट वेळ मोकळी सुटते.

तिसरा, श्वास थांबण्याचे प्रसंग घसा मिटल्यामुळे, म्हणजे अडथळ्याचे, किती आणि सेंट्रल किती. सेंट्रल म्हणजे घसा उघडा आहे, पण मेंदूकडून श्वासाचा इशाराच येत नाही. असे बरेच असतील तर दातांचं यंत्र, शस्त्रक्रिया, व्यायाम हे सगळं बाजूला ठेवा आणि झोपेच्या तज्ज्ञाकडे जा. चौथा, ऑक्सिजन किती खाली गेला आणि 90 टक्क्यांच्या खाली किती वेळ राहिला. दोघांचा एएचआय 20 असू शकतो, एकाचा ऑक्सिजन 88 ला अडतो, दुसऱ्याचा 70 ला जातो. दुसऱ्यानं पर्यायांचे प्रयोग करत महिने घालवू नयेत.

आणि तपासणी घरी झाली असेल तर एक लक्षात ठेवा. घरच्या यंत्राला तुम्ही जागे आहात की झोपलात हे बहुधा कळत नाही. ते श्वास थांबण्याच्या झटक्यांना पूर्ण रेकॉर्डिंगच्या तासांनी भागतं, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. "सौम्य आहे" ऐकून लगेच खूश होऊ नका.

आता सीपॅप. तो सोडायचा असेल तर सोडा, पण का सोडताय ते नीट ओळखून सोडा. मला भेटलेल्या बहुतेकांचं भांडण हवेच्या दाबाशी नव्हतं, मास्कशी होतं. मशीन द्यायला आलेला मुलगा घाईत होता. "आंटीजी, बेल्ट थोड़ा टाइट कर लो, हवा नहीं निकलेगी," म्हणाला आणि गेला. पट्टा जितका आवळाल तितकी मास्कची मऊ उशी चुरगळते आणि हवा उलट जास्त सुटते. मास्क झोपून, मशीन चालू ठेवून लावायचा, एकदा चेहऱ्यापासून किंचित उचलून परत बसू द्यायचा आणि पट्टे हवा थांबेल इतपतच ओढायचे. नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या उशांचा मास्क मागून पाहा. चष्मा लावून वाचणाऱ्यांना, मिशीवाल्यांना आणि कोंडल्यासारखं होणाऱ्यांना तो बहुधा सोसतो. दाब सुरुवातीला कमी ठेवून हळूहळू वाढवण्याची आणि श्वास सोडताना दाब उतरवण्याची सोय पुष्कळ मशीनमध्ये असते. ती चालू आहे का, हे विचारा.

आमच्याकडची खास अडचण थंडीची. जानेवारीत ग्वाल्हेरला पारा चार-पाचाच्या आसपास गेला की ह्युमिडिफायरची, म्हणजे मशीनमधल्या पाणी तापवून हवा ओलसर करणाऱ्या टाकीची, ऊबदार दमट हवा थंड नळीत शिरून तिचं पाणी होतं. मध्यरात्री नळीत गुडगुड आणि मग नाकात थेंब. लोक मशीन बिघडलं समजून परत करायला निघतात. मशीन डोक्यापेक्षा खालच्या पातळीवर ठेवा, आर्द्रता एक घर उतरवा, नळी रजईच्या आतून घ्या. मी जुन्या शालीची लांब पिशवी शिवून नळीवर चढवली. गरम होणारी नळी मिळते, तीही चालते. उन्हाळ्यात कूलर लावत असाल तर हवा आधीच ओली असते, ह्युमिडिफायर आणखी कमी लागतो. टाकीत डिस्टिल्ड पाणीच घाला, बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आठवडाभरात दिसतो. लाइट गेल्यावर मशीन इन्व्हर्टरवर चालवताना पाणी तापवणं बंद करा. वीज जास्त करून तेच खातं, ते बंद केलं की बॅटरी बरीच जास्त टिकते.

हे सगळं का सांगते? पर्याय सीपॅपशी तोलायचा आहे, वाईट बसवलेल्या सीपॅपशी नाही. आणि एएचआय 30 च्या वर, त्यात रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा गाडी चालवताना डुलकी असेल तर आधी मशीनच. पर्यायांचा विचार करायचाच, पण मशीन चालू ठेवून.

कुणी जुनं मशीन स्वस्तात देत असेल तर मॉडेल तपासा. 2021 च्या जूनमध्ये फिलिप्सनं आपली लाखो मशीनं परत मागवली होती, आतला आवाज दाबणारा फोम झिजून कण आणि वायू हवेत येण्याची शक्यता होती म्हणून. शिवाय त्यात दाब दुसऱ्याच्या घशाला बेतलेला असतो.

पर्यायांत सगळ्यात विचार करण्याजोगं दातांचं यंत्र. वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे दोन साचे, खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवणारे. जबडा पुढे आला की जीभ पुढे येते आणि मागची वाट उघडी राहते. सौम्य आणि मध्यम अ‍ॅप्नियात, किंवा सीपॅप सोसतच नाही अशांना डॉक्टर हे सुचवतात. एएचआय सीपॅपइतका खाली येत नाही. पण लोक हे यंत्र रात्रभर ठेवतात आणि मास्क अर्ध्या रात्रीत काढतात, त्यामुळे प्रत्यक्ष फायदा पुष्कळदा बरोबरीला येतो. तोलताना हीच गोष्ट बघायची. कागदावर कोण जिंकतं यापेक्षा तुमच्या तोंडात किंवा नाकावर सकाळपर्यंत काय टिकतं?

दंतवैद्य निवडताना थेट विचारा की त्यांनी अ‍ॅप्नियासाठी अशी यंत्रं याआधी केली आहेत का. ते दातांचं माप घेतात, जबडा जास्तीत जास्त किती पुढे जातो ते मोजतात आणि साधारण त्याच्या निम्म्यावर किंवा थोडं वर सुरुवात करतात. मग काही दिवसांनी बाजूचा बारीक स्क्रू किल्लीनं फिरवून पाव-पाव मिलिमीटर पुढे न्यायचं. तंबोरा लावताना खुंटी एकदम पिळली की तार तुटते. इथे जबड्याचा सांधा धरतो. घाई करणाऱ्याकडे जाऊ नका. हिरड्या सुजलेल्या असतील, दात हलत असतील, कवळी असेल किंवा जबड्याचा सांधा आधीच कटकट करत असेल तर हे यंत्र बहुधा तुमच्यासाठी नाही. कॅप किंवा ब्रिज करायचं राहिलं असेल तर ते आधी उरका, नाहीतर नंतर साचा बसणार नाही.

गरम पाण्यात बुडवून चावायची तयार यंत्रं ऑनलाइन स्वस्तात मिळतात. ती जबडा अंदाजानं पुढे नेतात, पक्की बसत नाहीत आणि ती चालली नाहीत म्हणजे मापाचं यंत्रही चालणार नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. घेतलीच तर प्रवासापुरती तात्पुरती.

त्रासही सांगते. सुरुवातीला लाळ फार येते, उशीवर टॉवेल घाला. सकाळी दात एकमेकांवर बसत नाहीत, खालचे पुढे आल्यासारखे वाटतात. अर्ध्या-पाऊण तासात जागेवर येतात, त्यासाठी एक छोटा चावायचा तुकडाही देतात. काही वर्षांत दातांची बसण कायमचीही थोडी बदलू शकते, म्हणून दंतवैद्याकडे दर वर्षी दाखवायचं. माझ्यासाठी कळीचा मुद्दा हा होता की मी पहाटे खर्ज लावते. यंत्र काढल्यावर जबडा आखडलेला असतो, 'आ'कार मोकळा लागत नाही. सीपॅपनं उलट घसा कोरडा पडायचा, विशेषतः तोंड उघडं राहून हवा सुटली की. दोन्हींपैकी कोरडेपणावर ह्युमिडिफायरनं मार्ग निघाला, जबड्याला मात्र सकाळचा वेळच द्यावा लागला. म्हणून घरी नाकपुड्यांचा मास्क आणि मुलीकडे पुण्याला जाताना, गाडीच्या बर्थवर, दातांचं यंत्र, अशी मी वाटणी केली. दोन्ही ठेवता येतात हे मला कुणीच आपणहून सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सांगते. तुमचं काम कशावर चालतं ते बघा आणि त्याच गोष्टीचा त्रास आधी विचारा. बासरीवाल्यानं जबड्याचा, रात्रपाळीवाल्यानं दिवसा मशीन लावून झोपता येईल का याचा.

कुशीवर झोपण्याचे उपाय स्वस्त आहेत. जुन्या बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू, किंवा पाठीवर वळलात की हलकं थरथरणारं पट्ट्याचं यंत्र. चेंडूवाले थोड्या महिन्यांत कंटाळतात, पाठ दुखते. थरथरणारं जास्त टिकतं. दोन्ही फक्त ज्यांच्या रिपोर्टात उताण्याचा आकडा कुशीच्या दुप्पट किंवा जास्त आहे, त्यांच्यासाठी.

"तुम्ही गाता, मग तुमचा घसा कमजोर कसा?" हा प्रश्न मला अजून विचारला जातो. जागेपणी स्नायू घसा उघडा धरतात, झोपेत ते ढिले पडतात आणि रियाजानं जबड्याचं हाड मोठं होत नाही. पण घशाच्या व्यायामात अगदीच तथ्य नाही असंही नाही. स्वित्झर्लंडमध्ये 2006 साली मध्यम अ‍ॅप्नियाच्या लोकांना चार महिने डिजरिडू हे लांब नळीचं फुंकवाद्य वाजवायला शिकवलं, त्यांची दिवसाची झोप आणि एएचआय दोन्ही कमी झाले. जयपूरच्या डॉक्टरांनी तर शंख घेतला. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 30 रुग्ण होते, काही जण सहा महिने, आठवड्यातले पाच दिवस, रोज निदान 15 मिनिटं शंख फुंकत होते आणि बाकीचे दीर्घ श्वसन करत होते. शंखवाल्यांचे झटके तासाला सरासरी चार-पाचांनी कमी झाले. बातमी आली त्या दिवशी तीन नातेवाइकांनी मला ती पाठवली. आता हिशेब करा. माझ्या 22 मधून 5 गेले तर 17 उरतात, म्हणजे अजूनही मध्यमच. ज्याचे 9 आहेत तो मात्र 5 च्या खाली येऊ शकतो. सौम्य अ‍ॅप्नियात शंख फुंका, जीभ टाळूला चिकटवून मागे सरकवण्याचे व्यायाम करा, मशीन असेल तर त्याच्या जोडीलाही करा. पण अभ्यास छोटे आहेत, आणि सोडलं की फायदा टिकेल असं धरू नका. जिभेला दिवसा 20 मिनिटं हलका विद्युतप्रवाह देणारं एक यंत्रही आहे, अमेरिकेत 2021 पासून मान्य. तेही घोरणं आणि सौम्य अ‍ॅप्निया एवढ्यापुरतंच.

वजन जास्त असेल तर मात्र त्याकडे सगळ्यात आधी बघा. दहा टक्के वजन उतरलं तर एएचआय साधारण पाव हिश्श्यानं उतरतो, असं अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत दिसलं होतं. टिरझेपटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला तिथे डिसेंबर 2024 मध्ये स्थूल माणसांच्या मध्यम-तीव्र अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली. चाचणीत वर्षभरात एएचआय सरासरी 25 ते 29 नं उतरला होता. आपल्याकडे ते 2025 मध्ये मधुमेह आणि वजनासाठी आलं. दर आठवड्याची सुई, मळमळ, खर्च, आणि थांबवलं की वजन परत चढण्याची शक्यता, हे सगळं पारड्यात घाला. वजन उतरेपर्यंत मशीन बंद करू नका.

शस्त्रक्रियेबद्दल मी पक्षपाती आहे, आधीच सांगून टाकते. 1981 साली दोन गोष्टी एकदमच पुढे आल्या. सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी सीपॅप मांडला आणि त्याच वर्षी फुजिता यांनी पडजीभ आणि मऊ टाळूचा काही भाग कापण्याची शस्त्रक्रिया मांडली. सीपॅपचा मास्क सकाळी काढून ठेवता येतो, कापलेली पडजीभ परत येत नाही. सरसकट केली तर जवळपास निम्म्याच लोकांना तिचा पुरेसा गुण येतो. शिवाय घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं, पाणी नाकात चढणं, आवाजात अनुनासिकपणा येणं हे होऊ शकतं. गाणाऱ्या, शिकवणाऱ्या, कीर्तन करणाऱ्या माणसानं सर्जनला दोन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये. पडजीभ ठेवणार की काढणार? आणि माझा घसा नेमका कुठे मिटतो हे औषधानं झोपवून, नाकातून दुर्बीण घालून पाहिलं आहे का? या तपासणीशिवाय टाळूवर कात्री म्हणजे अंदाजपंचे. नव्या पद्धतींत कापण्यापेक्षा टाके घालून ताणण्यावर भर असतो. टॉन्सिल खरोखर मोठे असतील तर हिशेब वेगळा. लहान मुलांत तर टॉन्सिल आणि नाकामागच्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठी काढणं हाच बहुधा पहिला उपाय असतो.

नाकाचं वाकडं हाड सरळ केलं तर एएचआय फारसा उतरत नाही, पण कमी दाब पुरतो आणि मास्क सोसू लागतो. वरचा आणि खालचा जबडा कापून पुढे आणणं सगळ्यात परिणामकारक, पण मोठं काम आहे, चेहराही थोडा बदलतो. जिभेच्या नसेला रात्रभर इशारा देणारं, छातीत बसवायचं यंत्र अमेरिकेत 2014 मध्ये मान्य झालं. पहिल्या मोठ्या चाचणीत मधला एएचआय वर्षभरात 29 वरून 9 वर आला. घसा चारी बाजूंनी मिटत असेल तर त्याचा उपयोग होत नाही, म्हणजे तिथेही आधी तीच दुर्बीण. कुणी हे सुचवलंच तर बॅटरी बदलायला पुढे किती वर्षांनी आणि कुठे यावं लागेल, ते विचारून घ्या.

तोंडाला चिकटपट्टी लावून झोपण्याचे व्हिडिओ फिरतायत. नाक चोंदलेलं असताना ते धोक्याचं आहे. नाकावरची पट्टी, हनुवटीचा पट्टा, चुंबकाची अंगठी यांनी फार तर घोरणं कमी होईल. घरी नुसता ऑक्सिजन लावणं हाही उपाय नाही, आकडा सुधारलेला दिसतो आणि घसा मिटतच राहतो.

यातला कुठलाही पर्याय घेतलात तर तो लावून परत झोपेची तपासणी करा. पुष्कळ जण हेच टाळतात, कारण घरचे म्हणतात, घोरणं थांबलं. मीही दातांचं यंत्र शेवटच्या जागी बसल्यावर ते घालून परत तपासणी केली. एएचआय 9 आला, ऑक्सिजन 90 च्या खाली जवळपास गेलाच नाही, तेव्हा कुठे ते प्रवासात वापरायला डॉक्टरांनी होकार दिला. तपासणीला जाताना जुना रिपोर्ट, चालू औषधांची यादी, दंतवैद्यानं स्क्रू किती फिरवलाय त्याची नोंद आणि मशीन असेल तर त्याचं मेमरी कार्ड न्या. आणि त्या रात्री मुद्दाम थोडा वेळ उताणं झोपा. कुशीवर काढलेल्या रात्रीचा चांगला आकडा घरी उताणं झोपल्यावर लागू होत नाही.